धूळ पाण्याने पकडायची तर: वेट स्क्रबर पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

एक पारदर्शक बाटली घ्या आणि अर्धी पाण्याने भरा. बुचाला दोन भोकं पाडून दोन नळ्या घाला, एक पाण्यात बुडलेली आणि दुसरी पाण्याच्या वर राहणारी. कागदाची सुरळी पेटवून विझवा, तिचा धूर बुडलेल्या नळीच्या बाहेरच्या तोंडाशी धरा आणि दुसऱ्या नळीला मोठी सिरिंज लावून हवा ओढा. धूर पाण्यात शिरतो, बुडबुडे होऊन वर येतो, बुडबुडा फुटतो आणि आतला धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. थोडा वास पाण्यात उतरतो, एवढंच.

नवीन माणसाची पहिली समजूत इथेच मोडते. हवा पाण्यातून गेली म्हणजे धुतली गेली, असं होत नाही. बुडबुडा पाच मिलिमीटरचा, धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आतले. बुडबुडा वर यायला अर्धा सेकंदही लागत नाही आणि तेवढ्यात आतल्या कणाला पाण्याच्या भिंतीपर्यंत पोहोचता येत नाही. कण पाण्यावर नेऊन आपटावा लागतो. वेट स्क्रबर हे त्यासाठीचं यंत्र. पुढे जे काही येईल, म्हणजे नोझल, व्हेंच्युरी, पंख्याची वीज, ते सगळं या एका आपटण्याभोवती फिरतं.

आधी धूळ ओळखा

कॅटलॉग उघडण्याआधी धुळीची माहिती गोळा करा आणि पहिला प्रश्न आकाराचा विचारा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. दळण, चाळण, लाकूडकाम यांतली धूळ बरीचशी दहा मायक्रॉनच्या वरची असते. वितळत्या धातूची वाफ थंड होऊन जे कण बनतात, किंवा जळणाचा जो धूर असतो, ते बहुधा एका मायक्रॉनच्या खालचे.

नमुना कुठून घेतला, याला फार महत्त्व आहे. डक्टच्या, म्हणजे वायू वाहून नेणाऱ्या नळाच्या, तळाशी साचलेली धूळ डबीत भरून प्रयोगशाळेत पाठवू नका. जी साचली ती जाडी धूळ. तुम्हाला त्रास देणारी बारीक धूळ केव्हाच चिमणीतून निघून गेलेली असते. वाहत्या वायूतूनच नमुना घ्यावा लागतो, आणि तोही नळीच्या तोंडाशी वायूचा वेग डक्टमधल्या वेगाइतका ठेवून. नाहीतर जाड-बारीक कणांचं प्रमाण बिघडतं.

दुसरी गोष्ट वजनाची. घनता सारखी धरली तर १० मायक्रॉनचा एक कण १ मायक्रॉनच्या १,००० कणांइतका भरतो. त्यामुळे कोणी ‘९५ टक्के कार्यक्षमता’ म्हणालं, तर कोणत्या आकाराला, हे लगेच विचारा. वजनाने ९५ टक्के धूळ पकडूनही चिमणी पूर्वीइतकीच धुरकट दिसू शकते, कारण डोळ्यांना दिसणारा धूसरपणा मुख्यतः बारीक कणांचा असतो आणि ते वजनात जवळपास मोजलेच जात नाहीत.

मग पाण्याशी संबंधित प्रश्न. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची भुकटी पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडते, आणि तळाशी बसलेला गाळ यंत्र बंद असतानाही तो सोडत राहतो. अशा धुळीसाठी स्क्रबर वापरतात, पण टाकीला वर मोकळा वायुमार्ग ठेवावा लागतो आणि गाळ नेमाने बाहेर काढावा लागतो. बंद झाकणाची टाकी आणि सुट्टीचे दोन दिवस एकत्र आले तर स्फोटाची तयारीच झाली म्हणायची. सिमेंट आणि कळीचा चुना यांचा प्रश्न वेगळा: ते पाण्यात घट्ट होतात आणि पाइपच्या आत दगडासारखा थर धरतात.

धूळ कोरडी परत हवी असेल, पाण्याची टंचाई असेल किंवा गाळाची विल्हेवाट लावायची सोय नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे: आधी बॅग फिल्टरचा, म्हणजे कापडी पिशव्यांतून वायू गाळणाऱ्या यंत्राचा, विचार करा. चिकट धूळ, ओलसर वायू, ठिणग्या, पेट घेणारी धूळ किंवा धुळीसोबत पाण्यात विरघळणारे आम्ल वायू असतील, तर तिथे पाण्याला तोड नाही.

कण थेंबावर का आपटतो आणि का चुकतो

हवा थेंबाला वळसा घालून जाते. कण जड असेल तर त्याला तेवढं चटकन वळता येत नाही आणि तो सरळ जाऊन थेंबावर आदळतो. हलका असेल तर हवेबरोबर वळतो आणि निसटतो.

याचा अंदाज घ्यायला एक सोपं माप आहे: थांबण्याचं अंतर. वेगात फेकलेला कण स्थिर हवेत किती पुढे जाऊन थांबेल, ते. हे अंतर थेंबाच्या व्यासाएवढं किंवा त्याहून जास्त असेल तर टक्कर बहुधा होते. थेंबाच्या तुलनेत ते अगदीच थोडं असेल तर कण वळसा घालून निघून जातो.

पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण घ्या. १ मिलिमीटरचा थेंब हवेत सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो. त्या वेगाला या कणाचं थांबण्याचं अंतर सुमारे १ मिलिमीटर येतं, म्हणजे थेंबाएवढंच. कण सापडला. आता कण १ मायक्रॉनचा घ्या. अंतर कणाच्या आकाराच्या वर्गाने घटतं, म्हणून ते मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढं राहतं. थेंब त्याच्या ऐंशीपट मोठा. हा कण थेंबाच्या बाजूने आरामात निघून जातो. कितीही पाणी वरून ओता, फारसा फरक पडत नाही.

आता तोच १ मायक्रॉनचा कण सेकंदाला ८० मीटर वेगाने, ०.०९ मिलिमीटरच्या बारीक थेंबांवर सोडा. थांबण्याचं अंतर पाव मिलिमीटरच्या पुढे जातं, थेंबाच्या जवळपास तिप्पट. कण सुटत नाही. अरुंद गळ्यातून वायू वेगाने नेणारा व्हेंच्युरी स्क्रबर करतो ते एवढंच. ०.३ मायक्रॉनचा कण मात्र याच वेगाला ०.०३५ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. तिथे अर्धे-मुर्धे कण सुटणार, हे आधीच समजून चाला.

त्याहून बारीक, ०.१ मायक्रॉनच्या खालच्या कणांचं मात्र उलट असतं. हवेचे रेणू त्यांना इकडेतिकडे ढकलत असतात, आणि त्या भटकंतीत ते आपणहून थेंबाला चिकटतात. त्यामुळे ०.१ ते ०.५ मायक्रॉनच्या मधला पट्टा सगळ्यांत अवघड ठरतो: आदळायला फार हलका, भटकायला फार जड. पावसाचंही असंच असतं. सर आली की हवेतली जाडी धूळ आणि परागकण खाली बसतात, पण साधारण ०.१ ते १ मायक्रॉनमधले कण पडत्या थेंबांना बरेचसे चुकवतात. हवामानशास्त्रात या फटीला ग्रीनफील्ड गॅप असं नाव आहे.

कोणता स्क्रबर घ्यायचा

स्प्रे टॉवर सगळ्यांत साधा. उभी टाकी, वरून नोझल, खालून वायू. वायूचा वर चढण्याचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास ठेवतात. कारण पाव मिलिमीटरहून लहान थेंब सेकंदाला मीटरभराहून कमी वेगाने पडतो, म्हणजे या वाऱ्यात तो खाली येण्याऐवजी वर जाईल. म्हणून इथे थेंब अर्धा ते एक मिलिमीटरचे लागतात. ‘नोझल जितकं बारीक तितकं चांगलं’ असं सांगणारे भेटतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पाच-दहा मायक्रॉनच्या वरच्या धुळीला हा टॉवर पुरतो, वीज कमी खातो आणि तुंबायला त्यात फारसं काही नसतं.

पॅक्ड टॉवर, म्हणजे प्लास्टिकच्या रिंगा किंवा खोगीरासारखे तुकडे भरलेला, वायू शोषण्यासाठी उत्तम. धुळीसाठी नको. धूळ रिंगांच्या मध्ये चिखल होऊन बसते आणि काही दिवसांत तो टॉवर उपसून धुवावा लागतो. धूळ आणि आम्ल वायू दोन्ही असतील तर आधी धूळ काढा, मगच पॅकिंगकडे जा.

भोकांच्या ताटल्यांचे टॉवर, वायू गोल फिरवणारे सायक्लोनिक स्क्रबर, आणि वायूलाच पाण्याच्या पृष्ठभागावरून घासत नेऊन थेंब उडवायला लावणारे बिननोझलचे स्क्रबर, हे मधल्या फळीतले. बिननोझलचा प्रकार मला आवडतो, कारण पंप लहान आणि नोझल चोंदण्याची कटकट नाही. मात्र टाकीतल्या पाण्याची पातळी दोन-चार सेंटिमीटर हलली तरी त्याचं काम बदलतं.

बारीक धुळीसाठी व्हेंच्युरी. हे नाव इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बातिस्ता व्हेंच्युरी यांच्यावरून आलं. अरुंद गळ्यातून वाहणाऱ्या द्रवाचा वेग आणि दाब यांवरचं त्यांचं काम १७९७ सालचं. स्क्रबरमध्ये वायू या गळ्यातून जातो, तिथे त्याचा वेग सेकंदाला ४५ ते १२० मीटरपर्यंत चढतो आणि गळ्याशी सोडलेलं पाणी त्या वाऱ्याने फाटून बारीक थेंब होतं. पाणी संथ, वायू वेगात, म्हणून टक्कर जोरात. हे सगळं काही हजारांश सेकंदांत आटोपतं.

१९६० साली कोनराड सेमराऊ यांनी मांडलेलं एक निरीक्षण हाताशी ठेवा: विशिष्ट धुळीसाठी स्क्रबर किती पकडतो, हे त्याच्या रचनेपेक्षा वायू आणि पाणी एकमेकांत मिसळायला किती ऊर्जा खर्ची पडते यावर जास्त ठरतं. विक्रेता ‘आमच्या खास रचनेमुळे कमी दाबातही बारीक धूळ पकडली जाते’ असं म्हणाला, तर हे आठवा आणि चाचणीचे आकडे मागा.

कागदावर एक उदाहरण

समजा भट्टीचा वायू ताशी १०,००० घनमीटर, तापमान २०० अंश सेल्सिअस, प्रत्येक किलो कोरड्या हवेमागे २० ग्रॅम बाष्प आणि घनमीटरमागे २ ग्रॅम धूळ.

पहिली पायरी, गार करणं. गरम वायू थेट गळ्यात घेऊ नका. तिथले बारीक थेंब आधी वाफ होऊन जातील, आणि थेंबावरून सुटणारी वाफ कणांना उलट बाहेर ढकलेल. म्हणून गळ्याच्या आधी क्वेंच: पाण्याचे फवारे मारून वायू बाष्पाने पूर्ण भिजवून घ्यायचा. आपल्या उदाहरणात वायू सुमारे ५० अंशांवर येऊन स्थिरावतो. किलो हवेमागे आणखी ६६ ग्रॅम पाणी वाफ होतं. ताशी साधारण ७,२०० किलो कोरडी हवा धरली तर पावणेपाचशे लिटर. हे पाणी तासातासाला चिमणीतून निघून जाणार, त्याला इलाज नाही. बदल्यात वायू आकसतो आणि ताशी ७,५०० घनमीटरच्या आसपास राहतो. पुढचं सगळं मोजमाप या आकड्यावर करायचं. पंखा आणि गळा १०,००० धरून घेतला तर गळा मोठा होतो, वेग मिळत नाही आणि बारीक धूळ सुटते. ही चूक मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे.

दुसरी पायरी, गळा. ७,५०० घनमीटर ताशी म्हणजे सेकंदाला २.०८ घनमीटर. वेग ८० मीटर हवा, तर क्षेत्रफळ ०.०२६ चौरस मीटर, गोल गळा असेल तर व्यास अठरा सेंटिमीटर. एवढ्या भट्टीचा वायू एवढ्याशा भोकातून!

तिसरी, पाणी. घनमीटर वायूमागे १ लिटर हा चांगला आरंभ आहे, म्हणजे ताशी ७,५०० लिटरचा पंप. या वेगाला आणि या पाण्याला थेंब सरासरी ९० मायक्रॉनचे बनतात. पाणी फार कमी केलं तर गळ्याचा सगळा छेद भरत नाही आणि मधून कोरडी वाट राहते. फार वाढवलं तर थेंब जाड होतात.

चौथी, दाब-घट, म्हणजे गळ्यातून जाताना वायूचा दाब किती उतरतो ते. हिचा अंदाज मनातल्या मनात निघतो. प्रत्येक घनमीटर वायूला १ किलो पाणी ८० मीटरच्या वेगाला न्यायचं आहे. १ गुणिले ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० पास्कल, पाण्याच्या उंचीत साधारण ६५० मिलिमीटर. प्रत्यक्षात थेंब पूर्ण वेगाला पोहोचत नाहीत, म्हणून आकडा थोडा कमी भरतो, पण पंखा निवडताना हाच धरा.

पाचवी, वीज. २.०८ गुणिले ६,४०० म्हणजे १३.३ किलोवॅट, आणि पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर साडेवीस किलोवॅट. त्याच वायूला ५०० पास्कलचा स्प्रे टॉवर लावला असता तर पंख्याला १.६ किलोवॅट पुरले असते. एक मायक्रॉनचा कण पकडण्याची किंमत या दोन आकड्यांच्या फरकात आहे, आणि ती चोवीस तास मोजावी लागते. म्हणूनच धुळीचा आकार आधी विचारायचा.

भट्टीचा भार कमी-जास्त होत असेल तर गळा बदलता येणारा घ्या. वायू वीस टक्के घटला आणि पंप तसाच राहिला, तर दाब-घट पाचव्या हिश्शाने उतरते, थेंब जाड होतात आणि नेमकी बारीक धूळ सुटू लागते.

थेंब परत पकडा

धूळ थेंबात गेली, पण तो थेंब चिमणीतून बाहेर पडला तर केलेलं सगळं वाया. व्हेंच्युरीनंतर म्हणून वायू गोल फिरवून थेंब वेगळे करणारा सायक्लोन सेपरेटर आणि त्यावर उरलेले बारीक थेंब अडवणारा मिस्ट एलिमिनेटर असतो. नागमोडी पट्ट्यांचा असेल तर धुळीच्या पाण्याला तो सोसतो. तारेच्या जाळीचा असेल तर जास्त बारीक थेंब धरतो, पण तितक्याच लवकर चोंदतो. धुळीच्या कामाला मी पट्ट्याच घेईन, आणि त्यांना खालून धुणारा फवाराही. त्यातून जाणारा वायूचा वेग साधारण सेकंदाला ३ ते ५ मीटर. त्याहून जास्त झाला की पट्टीवर जमलेलं पाणी पुन्हा फाटून वर उडतं.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. एका कारखान्यात नवा व्हेंच्युरी बसला, कागदावर सगळं चोख. आठवड्याभरात तक्रार आली की बाहेर उभ्या गाड्यांवर करडे ठिपके पडतात. आम्ही दोन दिवस नोझल तपासले, पाणी वाढवलं, पंखा वाढवला. ठिपके वाढले. शेवटी वरचं दार उघडलं तेव्हा दिसलं की पट्ट्यांचा एक गठ्ठा चौकटीतून सरकून बाजूला हातभर फट पडली होती. सगळा वायू सोप्या वाटेने, त्या फटीतून, दुप्पट-तिप्पट वेगाने जात होता. पंखा वाढवून आम्ही त्याला मदतच करत होतो. तेव्हापासून ठिपके म्हटलं की मी आधी एलिमिनेटर उघडायला सांगतो.

एक गोष्ट पुस्तकात ठळक नसते, पण पहिल्याच दिवशी अडवते: ड्रेनचा पाइप. पंखा स्क्रबरच्या पुढे, चिमणीच्या बाजूला असेल तर स्क्रबरमध्ये वातावरणापेक्षा कमी दाब असतो. उदाहरणातल्या यंत्रात तो पाण्याच्या ६५० मिलिमीटरहूनही जास्त भरतो. खालचा ड्रेन उघड्या टाकीत नुसता सोडला तर पाणी खाली यायच्या ऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाणी सेपरेटरमध्ये चढत राहतं. पाइपचं टोक टाकीच्या पाण्यात बुडवा आणि टाकीतल्या पातळीपासून स्क्रबरच्या तळापर्यंतची उभी उंची त्या दाबाहून भरपूर जास्त ठेवा. इथे निदान एक मीटर. पंखा सुरू केल्यावर ‘पाणी खाली उतरत नाही’ अशी हाक आली की ही उंची मोजा.

पाणी आणि गाळ

उदाहरणातल्या वायूबरोबर ताशी २० किलो धूळ येते. पाणी फिरवून वापरायचं म्हणजे ती पाण्यात साठत जाणार. घन पदार्थ वजनाने २ टक्क्यांवर रोखायचे तर ताशी १,००० किलो गढूळ पाणी बाहेर काढावं लागेल. यालाच ब्लोडाउन म्हणतात. त्यात ९८० लिटर पाणी गेलं आणि वाफेने ४७५, म्हणजे ताशी जवळजवळ दीड हजार लिटर नवं पाणी हवं. ४ टक्के चालवले तर ब्लोडाउन निम्मा होतो, पण नोझल आणि पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) लवकर झिजतात. ब्लोडाउन निवळायला ठेवून वरचं पाणी परत आणता येतं. मात्र विरघळलेले क्षार निवळत नाहीत, ते साठतच जातात, म्हणून थोडं पाणी सोडावंच लागतं.

नवं पाणी ओतायचं कुठे, हेही ठरवून करा. टाकीत ओतण्यापेक्षा ते एलिमिनेटर धुवायला वापरा. तेवढंच स्वच्छ पाणी तुमच्याकडे असतं.

वायूत सल्फर डायऑक्साइड किंवा हायड्रोजन क्लोराइड असेल तर पाणी आम्ल होत जातं. साधं पोलाद अशा पाण्यात टिकत नाही. कॉस्टिक सोडा घालून पीएच सावरता येतो. चुना स्वस्त पडतो पण कॅल्शियमचे थर धरतो. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडून भोकं होतात, ‘एसएस आहे, चिंता नको’ हे तिथे चालत नाही. फायबरग्लास आणि पॉलिप्रोपिलीन आम्लाला चांगले, उष्णतेला नाहीत. त्यांच्या आधीचा क्वेंच बंद पडला तर काही मिनिटांत भांडं मऊ पडतं. म्हणून तिथे वेगळ्या टाकीतून, विजेशिवाय, उंचीच्या जोरावर येणारं आणीबाणीचं पाणी ठेवतात.

साबणासारखं काही घालून पाणी ‘जास्त ओलं’ करायचा मोह होईल. मी सुरुवातीला तरी टाळायला सांगेन. फेस झाला की तो सेपरेटरमधून थेट पंख्यात जातो.

गरम कोरडा वायू ओल्या भिंतीला जिथे पहिल्यांदा भेटतो, त्या रेषेवर धुळीचा कडक थर वाढतो. ती भिंत वरून सतत पाण्याचा पातळ पडदा सोडून पूर्ण ओली ठेवा. अर्धवट ओली भिंत सगळ्यांत वाईट.

सुरू आणि बंद

आधी टाकीची पातळी, मग पंप, मग प्रत्येक नोझलला पाणी पोहोचलं का याची खात्री, मग डॅम्पर (डक्टमधली वायू अडवणारी झडप) मिटलेला ठेवून पंखा, मग डॅम्पर हळूहळू उघडणं आणि शेवटी भट्टीचा वायू. बंद करताना वायू आधी थांबवा आणि पाणी सगळ्यांत शेवटी. पंखा थांबल्यावरही पाणी थोडा वेळ चालू राहू द्या, म्हणजे गळा आणि पट्ट्या धुतल्या जातात. ओली धूळ तिथे वाळली की छिन्नीनेच निघते. पंप बंद पडला तर वायू आपोआप दुसरीकडे वळेल किंवा थांबेल असा इंटरलॉक बसवलेला असावा, आणि तो महिन्यातून एकदा खरोखर पंप बंद करून तपासावा.

दुरुस्तीसाठी आत उतरायचं असेल तर ते बंदिस्त जागेतलं काम समजा. गाळातून विषारी वायू सुटलेले असू शकतात, ऑक्सिजन कमी असू शकतो. हवा मोजल्याशिवाय, पंखा आणि वायूची वाट कुलूप लावून तोडल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा केल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. कोमट पाण्याच्या टाकीत लिजनेला जातीचे जीवाणू वाढू शकतात, त्यामुळे फवारा चालू असताना दार उघडून डोकावू नका.

रोज काय पाहायचं

चार आकडे वहीत उतरवा: गळ्यावरची दाब-घट, एलिमिनेटरवरची दाब-घट, फिरत्या पाण्याचा प्रवाह आणि पंख्याच्या मोटरचा करंट. एकेकटा आकडा फारसा बोलत नाही, जोडीने बोलतो. गळ्यावरची घट उतरली आणि पाण्याचा प्रवाहही उतरला, तर स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) किंवा नोझल चोंदलं. घट उतरली, प्रवाह ठीक, करंटही कमी, तर वायूच कमी येतोय: पंख्याचा पट्टा घसरतोय, डक्टमध्ये काही अडलंय किंवा एलिमिनेटर तुंबलाय; त्याची घट वाढली असेल तर हेच कारण. घट उतरली आणि बाकी सगळं नेहमीसारखं, तर गळा झिजून रुंद झाला असण्याची शंका घ्या आणि पुढच्या बंदमध्ये तो मोजा. आणि आकडा दिवसेंदिवस अजिबात हलत नसेल तर खूश होण्याआधी दाब मोजणारी नळी काढून पाहा. तिच्या तोंडाशी चिखल बसलेला असतो.

नोझलचा स्ट्रेनर रोज धुवा. पंख्याचं कंपन वाढलं तर पात्यांवर थर बसलाय, आणि तो एका बाजूने सुटला की पंखा हादरतो.

शेवटी चिमणीकडे पाहा, पण कुठे पाहायचं ते ठरवून. भिजलेला वायू बाहेर आला की पांढरा लोट दिसणारच, थंड हवेत तर जास्तच. तो पाण्याचा. तोंडाशी न पाहता लोट जिथे विरतो तिथे नजर लावा. वाफ विरून पुढे आकाश स्वच्छ दिसलं तर ठीक. करडी पुसट रेघ लांबपर्यंत तरंगत राहिली तर धूळ सुटतेय. दाब-घटीचा आकडा पाहा. रेघ निळसर असेल तर कण एका मायक्रॉनच्या बरेच खालचे आहेत, किंवा सल्फ्युरिक आम्लाचं धुकं आहे. तिथे पंप मोठा करून काही साधणार नाही. वायूचा नमुना घ्या आणि कणांचा आकार पुन्हा मोजा.